दिवेलागणीचं विरजण

मालनबाईच्या दारात दिवेलागणीनंतर कोणी विरजण मागायला आलं, की तिला विरजण नकोय हे ठरलेलं होतं.

दिवा लागल्यावर दूध, दही, विरजण कोणी कोणाला देत नाही. घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. देणारीला ते ठाऊक असतं आणि मागणारीलाही. म्हणून तर जानोरीच्या शिवारातल्या त्या वस्तीवरच्या बायकांनी नेमकी ही वेळ धरली होती. भलत्या वेळी एखादी बाई रिकामी वाटी घेऊन ओट्यापाशी उभी राहिली, की मालनबाईनं ओळखायचं. हिच्या अंगावरून पांढरं जातंय, नाहीतर खाज आहे, नाहीतर आग होतेय, आणि हे नवऱ्याला सांगता येत नाही आणि सासूपुढं तोंड उघडत नाही. काय होतंय ते बोलायचं नाही, विचारायचंही नाही. मालनबाई आत जायची आणि वाटीकडं न बघता गडू भरून आणायची. गडूत सकाळी घुसळलेलं ताक असायचं, नाहीतर रात्रभर आंबवलेल्या नागलीच्या पिठाची आंबील. सकाळी अनशापोटी पी, चहा बंद कर, फडकी दारामागं वाळवू नको, उन्हात टाक. एवढं सांगून ती पदर सावरत आत वळायची.

बायकांना गुण यायचा. कोणाला ताकानं, कोणाला उन्हात वाळलेल्या फडक्यानं आणि कोणाला नुसतं आपलं दुखणं दुसऱ्या कोणाला तरी कळलं एवढ्यानं, हे देव जाणे. मालनबाईच्या मनात मात्र तिळाएवढी शंका नव्हती. गुण ताकाचाच. ज्यांना गुण यायचा नाही त्या पुन्हा वाटी घेऊन यायच्याच नाहीत, त्यामुळं तिचा भाव कधी उतरला नाही. तिचा नवरा भिमाजी आपल्या घराला सिव्हिल हॉस्पिटल म्हणायचा. ती रागवायची, पण आतून फुलायची.

तिचं स्वतःचं जरा निराळं होतं. पाळी गेल्यापासून तिला लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी येईल अशी आग व्हायची, आणि खाटेवर बसायचं तर खाली गोधडीची घडी लागायची. तीही रोज ताक प्यायची. पण सगळ्या वस्तीच्या वाट्या जिच्या दारात येतात, तिनं आपली वाटी कोणाच्या दारात न्यायची? तो विषय तिनं कधीच गुंडाळून ठेवला होता.

त्या साली पौषात आभाळ भरून राहिलं. पाऊस नाही, ऊन नाही, सकाळी नुसतं दव. भिमाजीच्या गुलाबावर भुरी आली. कोवळ्या पानांवर आणि कळ्यांच्या देठांवर कोणी पीठ भुरभुरावं तसं पांढरं बसलं, आणि पानं वाकडी होऊन आक्रसायला लागली. पुढं लग्नसराई होती. फूल बाजारात अशा कळीकडं कोणी ढुंकून बघत नाही. भिमाजीनं विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागं निळा ड्रम मांडला, त्यात घरचं आंबट ताक ओतलं, जुन्या वायरची साल काढून तांब्याची तार आत सोडली आणि झाकण लावलं. काही दिवसांत ताकाला हिरवट निळा रंग चढला आणि वासानं कुत्रंसुद्धा तिकडं फिरकेना. ते पाण्यात मिसळून फवारलं तशी पानावरची भुरी मागं हटायला लागली.

मालनबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. फुलं तोडायला येणाऱ्या बायकांना तिनं पानं उलटीपालटी करून दाखवली.

"माणसाला अन् झाडाला औषध एकच," ती म्हणाली. "पोटात घ्या नायतर अंगावर घ्या. ताक ते ताकच."

तिची सून सुवर्णा शेजारच्या ओळीत होती. तिनं मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

सुवर्णा सिन्नरकडची. दोन दिवाळ्या झाल्या होत्या लग्नाला. नवरा जीवन ओझरच्या विमान कारखान्यात ठेकेदाराकडं फिटर होता, एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. पोरगी कामाला वाघ होती, बोलायला मात्र दहा वेळा विचार करायची. फुलं उजाडायच्या आत, नाहीतर ऊन उतरल्यावर तोडावी लागतात. ऊन चढलं की कळी उमलते आणि भाव पडतो. दवानं भिजलेल्या झाडांतून चालताना परकर कमरेपर्यंत ओला व्हायचा, आणि तो अंगावरच वाळायचा, कारण पिकअप यायच्या आत गड्ड्या बांधून व्हायला लागायच्या. आडोसा म्हणाल तर ओढ्याकाठच्या बाभळी, तिकडंही गडी माणसांचा राबता. सकाळपासून दुपारपर्यंत बायका पोट आवळून असायच्या. हे सगळ्यांचंच होतं, म्हणून कोणी त्याला दुखणं म्हणत नव्हतं.

माघ लागला तशी सुवर्णा मागं पडायला लागली. दोन ओळी सगळ्यांबरोबर चालायची आणि तिसऱ्या ओळीला रेंगाळायची. पाय फाकून टाकायची, मध्येच कात्री खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहायची. एकदा पिकअपवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि गड्ड्या अजून अर्ध्याच बांधून झालेल्या.

"सिन्नरच्या बाया चालत्यात का सरकत्यात?" मालनबाई सगळ्यांदेखत म्हणाली.

बायका हसल्या. सुवर्णाही हसल्यासारखं करायला गेली, पण मध्येच तिनं तोंड फिरवलं. हातातली कळी तिनं इतकी घट्ट धरली की काटा बोटात गेला. मालनबाईनं ते पाहिलं आणि तिला वाटलं, पोरगी फार मनाला लावून घेते.

त्याच सुमाराला भिमाजीच्या लक्षात आलं की ड्रममधलं ताक आपोआप कमी होतंय. फवारणी तर चार दिवसांनी होती. त्यानं झाकण उचलून दोनदा आत डोकावून पाहिलं आणि शेजारच्या बांधाकडं बोट केलं. तिथल्या सहादूच्याही गुलाबावर भुरी होती. सहादू आणि भिमाजी यांचं पाण्याच्या पाळीवरून जुनं वाकडं होतं, त्यामुळं चोर शोधायला लांब जायची गरज कोणालाच वाटली नाही.

मालनबाई कमरेला पदर खोचून बांधावर गेली आणि तिथून जे बोलायला लागली ते ओढ्यापलीकडं ऐकू गेलं. मागितलं असतं तर दिलं नसतं का, वस्तीला देते ते तुला दिलं नसतं का, अंधारात येऊन नेतोस हे शोभतं का. सहादूनं तिला पुरतं बोलू दिलं. मग हाताला धरल्यासारखं बोलावत आपल्या शेडमध्ये नेलं आणि गंधकाची अर्धी झालेली पिशवी दाखवली.

"मालनवैनी, मी हे मारतो. तुमच्या नासक्या ताकाला हात लावायचा तर मला आधी नाक कापून ठेवावं लागंल."

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मालनबाई कानकोंडी होऊन परत निघाली. चिखलातून चालताना तिच्या एका चपलेचा अंगठा तुटला आणि ती एका पायात चप्पल घालूनच घरी आली. दिवस काही बरा नव्हता.

मागल्या दारानं ती पाय धुवायला न्हाणीकडं वळली. न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी पत्रे आणि चौथीला पोत्याचा पडदा. आत कोणीतरी होतं. दातांवर दात दाबून श्वास ओढल्याचा आवाज आला. पाठोपाठ वास आला आणि मालनबाई जागच्या जागी थांबली. ताकाच्या वासात तिला कोणी फसवू शकत नव्हतं. हा पिण्याच्या ताकाचा वास नव्हता.

तिनं पडदा बाजूला केला. सुवर्णा दगडावर उकिडवी बसली होती, साडी गुडघ्यांवर गोळा केलेली, चेहरा घामानं डबडबलेला. पुढ्यात प्लास्टिकचा मग, आणि मगाच्या तळाशी हिरवट निळं पाणी. मालनबाईला सगळं एकदम कळलं.

"ह्यानं कधीपासून धुतीस?"

सुवर्णानं घाईनं साडी खाली ओढली.

"बोल, बाई. मी मारत नाय तुला."

मग सुवर्णा तुटक तुटक बोलली. दसऱ्यापासून पांढरं जात होतं. मासळीसारखा वास यायचा, जीवन जवळ आला की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यानं एकदा पाठ फिरवली तेव्हापासून ती त्याच्या आधी झोपल्याचं सोंग घ्यायला लागली. मग तिनं पानांवरची भुरी जाताना पाहिली. पानावरचं पांढरं जातं तर हेही जाईल. पहिल्या दिवशी आग झाली, तिला वाटलं औषध लागू पडतंय. म्हणून दुसऱ्या दिवशी पाणी कमी घातलं.

"अगं पण मला का नाय सांगितलंस?" मालनबाईचा आवाज चढला. "समदी वस्ती येती माझ्याकडं."

"वस्ती वाटी घेऊन येती, आत्या," सुवर्णा म्हणाली. "मी वाटी घेऊन कुठून येऊ? मी तर आतच हाय."

मालनबाई पडद्याच्या काठाला धरून उभी राहिली आणि तिला रडू आलं. ते तिनं नाकानं वर ओढून घेतलं, कारण रडत बसायची ही वेळ नव्हती.

हंड्यातलं साधं स्वच्छ पाणी तिनं स्वतः आणून दिलं. सुवर्णाला पुन्हा पुन्हा धुवायला लावलं आणि आपलं मऊ जुनं पातळ नेसायला दिलं. सवयीनं तिचे पाय ताकाच्या माठाकडं वळले. तिनं गडू उचलला, माठात बुडवला आणि तसाच रिकामा करून ठेवला. हे ताकानं भागणारं नाही, एवढं समजायला तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

भिमाजी संध्याकाळच्या तोडीची तयारी करत होता. दोघी कुठं निघाल्या म्हणून त्यानं विचारलं. ओझरला, दवाखान्यात, असं मालनबाईनं सांगितलं. मग फुलं कोण बांधणार, असं तो म्हणाला.

"तुम्हाला दोन हात दिल्यात देवानं," ती म्हणाली, "अन् सहादूला जाऊन सांगा, माझं चुकलं म्हणून. मी आल्यावर सांगनच, पण तुम्ही आधी सांगा."

नेमकं कशात काय झालंय हे भिमाजीला कळलं नव्हतं, पण बायको चूक कबूल करते म्हणजे प्रकरण साधं नाही एवढं त्याला कळलं.

माणसं कोंबलेल्या वडाप जीपमध्ये सुवर्णाला बसवेना. मालनबाईनं कडेच्या माणसाला उठवलं, सुनेला कुशीवर टेकवलं आणि खड्डा आला की तिला उचलून धरलं. ओझरच्या दवाखान्यात बाकं भरलेली होती. चिठ्ठी करणाऱ्या मुलीनं वर न बघता काय तक्रार म्हणून विचारलं. सुवर्णा जमिनीकडं बघत राहिली. मुलीनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. बाकावरचे बाप्ये वर बघायला लागले.

"अंगावरनं पांढरं जातं," मालनबाई म्हणाली, भाजीबाजारात भाव सांगावा तशी. "वास येतो. अन् चुकीचं औषध लावून आग झालीय. लिवा."

बाप्ये पुन्हा खाली बघायला लागले. सुवर्णानं सासूचा पदर मुठीत धरला होता, तो आत जाईपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरीण बाई तपासून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सगळं मालनबाईलाही बसवून सांगितलं. आतली कातडी पोळली आहे, ती मलमानं आणि दुसरं काही न लावता राहिलं की भरून येईल. मूळ दुखणं जंतूंचं आहे, पानावरच्या भुरीसारखं बुरशीचं नाही. त्याला गोळ्या आहेत, त्या सांगितल्या तशा सगळ्या संपवायच्या, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. भरून येईपर्यंत नवऱ्यानं लांब राहायचं. लाजण्यासारखं यात काही नाही, बायकांपैकी कितीतरी जणींना हे होतं.

मालनबाईनं ताकाचा विषय काढलाच. मी वस्तीला ताक देते, आंबील देते, ते काय वाईट आहे का, असं तिनं सरळ विचारलं.

"प्यायला चांगलंच आहे, मावशी. प्या, द्या. पण प्यायल्यानं हे दुखणं जाईलच असं मी म्हणणार नाही. आणि आत काहीही घालायचं नाही. ताक नाही, दही नाही, साबणसुद्धा नाही. बाईच्या अंगात तिथं मुळातच विरजण लागलेलं असतं. तिथला आंबटपणा असतो म्हणून वाईट जंतू वाढत नाहीत. आपण धुऊन धुऊन तेच घालवतो."

मालनबाईला हे फार पटलं. म्हणजे आंबट चांगलं, हे आपण म्हणत होतो ते काही अगदीच खोटं नव्हतं. ती खुर्चीत जरा ताठ बसली.

"तुम्हाला काही त्रास?" बाईंनी सहज विचारलं.

"मला काय झालंय? मी धडधाकट हाय," मालनबाई म्हणाली, आणि उठताना टेबलाला धरून उठली.

घरी आल्यावर तिनं जीवनला रातपाळीला निघण्याआधी गाठलं. सुवर्णाला दुखणं झालंय, तुझी खाट मोटारीच्या खोलीत टाकली आहे, बरी होईपर्यंत तिथं झोपायचं. जीवन कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. आपण पाठ फिरवली होती तेव्हा ती आजारी होती हे त्याला कळलं. ते त्याला इतकं लागलं की दुसऱ्या दिवशी पाळी संपवून तो न झोपता फुलं तोडायला आला आणि सुवर्णाची ओळ त्यानं पुरी केली. काटे लावून घेतले, पण बोलला काही नाही. ड्रमच्या झाकणाला मालनबाईनं लाल फडकं बांधलं, आणि माणसाला अन् झाडाला औषध एकच हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलं नाही. बाभळींपाशी भिमाजीकडून तिनं पत्रे ठोकून बायकांसाठी आडोसा करून घेतला. त्यानं कुरकुर केली, तर ती म्हणाली की मग फुलं तुम्ही एकट्यानं तोडा.

सुवर्णा हळूहळू सावरली. पुढच्या पंधरवड्यात ती ओळीत सगळ्यांच्या पुढं होती, आणि एका सकाळी कशावर तरी खळखळून हसली. मालनबाई दोन ओळी पलीकडून ऐकत होती. तिला इतकं बरं वाटलं की तिनं उगाच एका बाईला देठ लहान तोडल्याबद्दल झापलं.

मग सुलाबाई वाटी घेऊन आली. ओढ्यापलीकडची, चार लेकरांची आई. दिवे लागले होते. मालनबाई सवयीनं उठली, पण गडूकडं गेली नाही.

"काय होतंय ते सांग," ती म्हणाली. "वास येतो का? आग होती का? ओटीपोटात दुखतं का?"

सुलाबाई चोर सापडावा तशी मागं सरली. असं कोणी विचारत नसतं. ती वाटी पदराखाली घेऊन पळायच्याच बेतात होती, तेवढ्यात सुवर्णा आतून आली आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसली. मलाही झालं होतं, ती हळूच म्हणाली, अन् मी मूर्खपणा केला. उद्या दवाखान्यात मी येते तुमच्याबरोबर. सुलाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग मालनबाईकडं पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. मालनबाईनं ताकही दिलं. प्यायला काय हरकत आहे, असं ती म्हणाली. तिचा धंदा सुनेनं पळवला म्हणून भिमाजीनं चिडवलं, तर तिनं त्याच्या ताटात भाकरी जरा जोरातच वाढली.

पण त्यानंतर तिला झोप नीट लागेना. सुलाबाई पळायला निघाली होती तो चेहरा सारखा डोळ्यांपुढं येई. अन् टेबलाला धरून उठताना आपण काय बोललो तेही. वस्तीला उघड बोल म्हणून सांगायचं आणि आपण गोधडीची घडी घेऊन बसायचं, याची तिची तिलाच लाज वाटायला लागली.

होळीच्या आधल्या आठवड्यात एका संध्याकाळी सुवर्णा चुलीपाशी भाकरी थापत होती. भिमाजी ओट्यावर खाटेवर बसला होता. मालनबाईनं देवापुढं दिवा लावला. फडताळातली वाटी घेतली, मागल्या दारानं बाहेर पडली, न्हाणीवरून, पत्र्याच्या कडेनं, घराला वळसा घालून पुढच्या अंगणात आली आणि ओट्याच्या पायरीपाशी उभी राहिली. वर्षानुवर्षं बायका जिथं उभ्या राहायच्या नेमकी ती जागा. तिनं डोक्यावर पदर घेतला. इथं उभं राहायला काय लागतं, ते तिला आत्ता कळत होतं.

"सुवर्णे," तिनं हाक मारली, "जरा विरजण दे."

भिमाजीनं मान वळवून पाहिलं. "येडी का काय? घरातलं विरजण घरात मागती, अन् दिवे लागल्यावर?"

"तुम्ही गप बसा."

सुवर्णा पिठाच्या हातांनीच दारात आली. तिनं सासूकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं. क्षणभर तीही सुलाबाईसारखी गोंधळली. मग पायऱ्या उतरून खाली आली आणि पिठाचा हात मालनबाईच्या वाटी धरलेल्या हातावर ठेवला.

"कधीपासून, आत्या?"

खाटेवर भिमाजी ऐकत होता. मालनबाईला ते ठाऊक होतं.

"पाळी गेल्यापासून," ती म्हणाली, आणि आवाज काही तिनं खाली आणला नाही.